नाव एकाचे, विमान दुसऱ्याचे : भाडेपट्ट्यावरील विमान परत नेण्याचा कायदा

सखीर (बहरीन) : मनामाच्या दक्षिणेला, वाळवंटातील सखीर हवाई तळावर २०१० पासून बहरीन आंतरराष्ट्रीय एअर शो भरत आला आहे. प्रेक्षकांच्या नजरा आकाशातील कसरतींवर खिळलेल्या असतात. विमान कंपन्या, बँका आणि विमाने भाड्याने देणाऱ्या कंपन्या यांचे लक्ष मात्र तळाच्या कडेला उभारलेल्या वातानुकूलित दालनांकडे असते. विमान कोण चालवणार याइतकीच तेथे ते विकत कोण घेणार याची बोलणी चालतात. हे दोघे बहुतेक वेळा वेगळे असतात. शेपटीवर एका कंपनीचे बोधचिन्ह झळकते, पण मालकीची कागदपत्रे डब्लिनमधील किंवा सिंगापूरमधील दुसऱ्याच कंपनीच्या कपाटात असतात. भारतीय कंपन्यांच्या ताफ्यातील बहुसंख्य विमाने अशीच भाडेपट्ट्याची आहेत. सुट्टीत मुंबई गाठणाऱ्या आखातातील मराठी प्रवाशाला याची जाणीव असण्याचे कारण नाही. ती होते, तेव्हा सहसा उशीर झालेला असतो.

बहरीनने असा दिवस पाहिला आहे. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी बहरीन एअर या कंपनीने उड्डाणे थांबवून स्वेच्छेने अवसायनाचा मार्ग धरला. त्यानंतर दहा वर्षांनी, मे २०२३ मध्ये, वाडिया समूहाची मुंबईस्थित ‘गो फर्स्ट’ कोसळली. पूर्वीचे तिचे नाव ‘गो एअर’. अबू धाबी, दुबई, मस्कत आणि कुवेत येथील प्रवाशांना ती परिचित होती. तिची ५४ विमाने भारतातील विमानतळांवर अडकून पडली आणि ती सोडवण्यासाठी मालकांना जवळपास वर्षभर न्यायालयात झगडावे लागले. हप्ता थकला की आपली वस्तू परत न्यावी, इतका साधा वाटणारा हक्क बजावण्यास एवढा काळ का लागला, हे समजण्यासाठी विमानाच्या ‘नागरिकत्वा’पासून सुरुवात करावी लागते.

विमानाचे नागरिकत्व

१९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाला राष्ट्रीयत्व मिळते ते नोंदणीतून. ज्या देशाच्या नोंदवहीत विमान आहे, त्या देशाचे ते. भारतात नोंदलेल्या विमानावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात, बहरीनच्या विमानावर ‘ए९सी’. एका वेळी दोन देशांत नोंदणी असू शकत नाही, असे हाच करार बजावतो. मालकी आणि नोंदणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आयरिश कंपनीच्या मालकीचे विमान भारतीय कंपनीने भाड्याने घेतले की ते भारतात नोंदले जाते, कारण उड्डाणयोग्यतेची देखरेख भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, असावी लागते.

महाराष्ट्रातील कोणालाही यातील अडचण चटकन उमजेल. एमएच क्रमांकाची गाडी कायमची दुसऱ्या राज्यात न्यायची तर आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो. तो नसेल तर तिकडे नवा क्रमांक मिळत नाही. विमानाचे तसेच, फक्त अधिक कठोर. जुन्या देशाने नोंदणी रद्द केल्याचे कळवल्याशिवाय नवा देश नोंदणी करत नाही, आणि नोंदणीविना विमान जागचे हलू शकत नाही. किल्ल्या मालकाच्या हाती असल्या तरी उपयोग शून्य. त्यामुळे भाडेपट्ट्याच्या व्यवहारात खरी चावी असते ती नोंदणी अधिकाऱ्याच्या शिक्क्याची.

या नियमाला बगल दिली की काय होते, ते २०२२ मध्ये रशियाने दाखवले. युक्रेनवरील आक्रमणानंतर निर्बंध लागू झाले, भाडेपट्टे संपुष्टात आले, आणि मार्चमध्ये रशियाने कायदा करून परदेशी मालकांची विमाने आपल्याच नोंदवहीत घेण्याची मुभा दिली. चारशेहून अधिक विमाने मालकांच्या हातून गेली. त्यांच्या विम्याचे दावे पुढे लंडनच्या न्यायालयात चालले.

केपटाऊनचे वचन

एरवी हा व्यवहार देशोदेशीच्या न्यायालयांच्या वेगावर सोडावा लागला असता. तो टाळण्यासाठी १६ नोव्हेंबर २००१ रोजी केपटाऊन येथे एक आंतरराष्ट्रीय करार आणि विमानांसाठीचा स्वतंत्र प्रोटोकॉल स्वीकारला गेला. आज ८० हून अधिक देश त्यात आहेत. बहरीन त्यांतील एक, भारतही. भारत ३१ मार्च २००८ रोजी करारात सामील झाला आणि १ जुलै २००८ पासून तो भारतास लागू झाला. चालकदलासह किमान आठ जणांना वाहून नेण्याची क्षमता असलेले विमान या कराराच्या कक्षेत येते. इंजिन मात्र स्वतंत्र वस्तू मानले जाते. त्याचे कारण व्यवहारी आहे. इंजिने एका विमानातून काढून दुसऱ्याला लावली जातात, आणि एका मालकाच्या विमानावर दुसऱ्या मालकाचे इंजिन असणे ही नित्याची गोष्ट आहे. कोणाचा हक्क कशावर आणि कोणाचा आधी, हे डब्लिनमधून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत पाहता येते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘आयडेरा’ नावाचा एक कागद. भाडेपट्टा करतानाच विमान कंपनी तो सही करून देते आणि डीजीसीए तो नोंदवून घेते. त्याचा आशय असा : आमच्याकडून कसूर झाल्यास या विमानाची नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर नेण्याची विनंती करण्याचा अधिकार आम्ही अमुक कंपनीला देत आहोत, आणि तो आम्ही एकतर्फी मागे घेऊ शकत नाही. कोऱ्या धनादेशावर आधीच सही करून ठेवावी, तसा हा प्रकार. विमान कंपनी सुस्थितीत असताना केलेली ती सही नेमकी तिच्या वाईट काळात वापरली जाते.

भारताने हे वचन आपल्या नियमांतही आणले, पण सावकाश. करार लागू झाल्यावर सुमारे सात वर्षांनी, २०१५ मध्ये, १९३७ च्या विमान नियमावलीतील नियम ३० मध्ये दुरुस्ती झाली. आयडेराधारकाने मूळ कागद आणि आंतरराष्ट्रीय नोंदवहीचा अहवाल सादर केला, आणि आपल्याआधीचा हक्क असणाऱ्यांची येणी फिटली आहेत किंवा त्यांची संमती आहे असे दाखवले, की डीजीसीएने पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी रद्द करावी, असे त्यात स्पष्ट झाले. ‘करावी’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये स्पाइसजेटच्या विमानांसंबंधीच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितले : कागदपत्रे पूर्ण असतील तर डीजीसीएला इच्छेनुसार निर्णय घेण्याचा अधिकार उरत नाही.

तोवर किंगफिशरचा धडा गिरवून झाला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती कंपनी बंद पडल्यावर मालकांना विमाने नेण्यासाठी विमानतळांची थकलेली शुल्के, करखात्याची येणी आणि डीजीसीएची टाळाटाळ या तिन्हींशी सामना करावा लागला होता. करार होता, पण त्याची अंमलबजावणी कोणी करायची हे देशांतर्गत कायद्यात पुरेसे लिहिलेले नव्हते.

जेटची गेली, गो फर्स्टची थांबली

२०१६ मध्ये दिवाळखोरी व नादारी संहिता आली आणि जुन्या प्रश्नाला नवे वळण मिळाले. संहितेच्या कलम १४ नुसार दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की वसुलीवर स्थगिती येते. कंपनीच्या ताब्यात असलेली वस्तू तिच्या खऱ्या मालकालाही परत नेता येत नाही. हेतू योग्यच आहे. अडचणीतील कारखान्याची यंत्रे सावकारांनी रातोरात उचलून नेली तर सावरण्याजोगे काही उरत नाही. परंतु विमान हे कारखान्यातील यंत्र नव्हे, आणि त्याबाबत भारताने जगाला वेगळा शब्द दिलेला होता.

तो शब्द नेमका असा. केपटाऊन प्रोटोकॉलमध्ये दिवाळखोरीसाठी दोन पर्याय आहेत. भारताने ‘पर्याय अ’ स्वीकारला आणि प्रतीक्षेची मुदत दोन महिने ठेवली. या मुदतीत प्रशासकाने एकतर सर्व थकबाकी भरून पुढील हप्त्यांची हमी द्यावी, नाहीतर विमान मालकाच्या स्वाधीन करावे. तोवर विमानाची देखभाल करण्याची जबाबदारी त्याचीच. मात्र संसदेने या कराराला स्वतंत्र कायद्याचे रूप दिलेले नव्हते. करार आणि संहिता आमनेसामने आले तर कोण श्रेष्ठ, याचे उत्तर पुस्तकात नव्हते.

जेट एअरवेजच्या वेळी हा पेच घड्याळाने टाळला. जेटने १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण केले, आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला तो २० जून रोजी. मधल्या दोन महिन्यांत मालकांनी आयडेरा वापरून विमाने सोडवली. त्यांतील काही लवकरच स्पाइसजेटच्या रंगात मुंबईहून उडू लागली.

गो फर्स्टने हे अंतर ठेवलेच नाही. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने वेळेत मिळत नसल्याने निम्मा ताफा जमिनीवर आहे, असे सांगत तिने २ मे २०२३ रोजी स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. आपली एकूण देणी ११,४६३ कोटी रुपये असल्याचे तिने अर्जात म्हटले. मालकांनी भाडेपट्टे रद्द करून डीजीसीएकडे धाव घेतली. पाच कामकाजाच्या दिवसांचे घड्याळ सुरू झाले, पण १० मे रोजी न्यायाधिकरणाच्या दिल्ली पीठाने अर्ज मान्य केला आणि स्थगिती लागू झाली. डीजीसीएने हात आखडता घेतला. २२ मे रोजी अपील न्यायाधिकरणानेही तो निर्णय कायम ठेवला.

पुढचे वर्ष हे थांबलेल्या विमानांचे वर्ष ठरले. थांबलेले विमान पडून राहत नाही, ते झिजते. इंजिने ठराविक काळाने फिरवावी लागतात, चाके हलवावी लागतात, उघडी छिद्रे झाकावी लागतात. त्यामुळेच जगात विमाने साठवण्यासाठी ॲरिझोना, स्पेनमधील तेरुएल किंवा ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज अशा कोरड्या जागा निवडल्या जातात. मुंबईचा पावसाळा या कामासाठी सर्वांत वाईट. (वाळवंट असूनही सखीर फारसे उपयोगाचे नाही; चहूबाजूंच्या समुद्राची खारी, दमट हवा धातूला मानवत नाही.) विमानांचे भाग काढून घेतले जात असल्याची तक्रार मालकांनी न्यायालयात केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना विमानांची पाहणी व देखभाल करण्याची मुभा दिली. स्वतःच्या वस्तूकडे पाहण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागला, ही गोष्ट परदेशातील वित्तसंस्थांच्या नजरेतून सुटली नाही. विमाननिर्माते आणि भाडेपट्टा कंपन्यांच्या एव्हिएशन वर्किंग ग्रुप या संघटनेने मे महिन्यातच भारताला नकारात्मक शेऱ्यासह निगराणीच्या यादीत टाकले होते.

३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने अधिसूचना काढली : केपटाऊन कराराखालील विमाने, इंजिने आणि हेलिकॉप्टर यांच्या व्यवहारांना कलम १४ (१) ची स्थगिती लागू नाही. मग ही सूट आधीपासून चालू असलेल्या गो फर्स्टच्या प्रकरणाला लागू होते का, यावर वाद रंगला. अखेर २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती तारा वितस्ता गंजू यांनी निकाल दिला : डीजीसीएने पाच कामकाजाच्या दिवसांत अर्ज निकाली काढून विमानांची नोंदणी रद्द करावी, विमानांत शिरण्यास किंवा त्यांचे भाग व कागदपत्रे हलवण्यास कंपनीच्या बाजूला मनाई, आणि मालकांना विमाने देशाबाहेर नेण्याची मुभा. पुढच्याच आठवड्यात ५४ विमानांची नोंदणी रद्द झाली. करारानुसार दोन महिन्यांत, म्हणजे १० जुलै २०२३ च्या सुमारास, जे व्हायला हवे होते, ते मे २०२४ मध्ये झाले.

जेट आणि गो फर्स्ट शेजारी ठेवून पाहिले की स्थगितीच्या बाजूने केला जाणारा मुख्य युक्तिवाद लंगडा पडतो. जेटची विमाने गेली आणि कंपनी पुन्हा प्रवासी वाहतूक सुरू करू शकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तिच्या अवसायनाचा आदेश दिला. गो फर्स्टची विमाने वर्षभर रोखून धरली, तरी तीही पुन्हा उडाली नाही. २० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. रोखलेल्या विमानांनी कंपनी वाचली नाही. विमाने तेवढी जुनी झाली.

शिक्का मिळाल्यावर

नोंदणी रद्द होणे आणि विमान देशाबाहेर जाणे यांत आणखी बरेच अंतर असते, आणि व्यवहारात वेळ खाणारा भाग हाच. ज्या क्षणी नोंदणी रद्द होते, त्या क्षणी विमानाला राष्ट्रीयत्व नसते, म्हणून उडताही येत नाही. नव्या देशाची नोंदणी आणि उड्डाणाचा विशेष परवाना मिळवावा लागतो, निर्यातीसाठी उड्डाणयोग्यतेचा दाखला लागतो, सीमाशुल्क विभागाची कागदपत्रे पूर्ण करावी लागतात. त्यातही सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे विमानाच्या जन्मापासूनचा देखभालीचा इतिहास. ठराविक फेऱ्यांनंतर बदलावे लागणारे भाग इंजिनात असतात. त्यांच्या वापराची सलग नोंद हरवली तर भाग धडधाकट असूनही बाजारात कवडीमोल होतो. बंद कंपनीच्या कार्यालयात पगार थकलेले मोजके कर्मचारी उरलेले असताना या फायली शोधायच्या असतात. गो फर्स्टच्या निकालात कागदपत्रे मालकांना देण्याचा स्वतंत्र आदेश द्यावा लागला तो याचसाठी.

किंमत कोण मोजतो

विमान परत मिळण्यास जितका उशीर, तितकी जोखीम. आणि जोखीम वाढली की भाडे वाढते. नव्या विमानासाठी निर्यात-पतहमी देताना आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या नियमांनुसार केपटाऊन कराराचे नीट पालन करणाऱ्या देशांतील कंपन्यांना जोखीम-शुल्कात १० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. ती भारताच्या हातून निसटणे म्हणजे इंडिगो किंवा एअर इंडियाला तेच विमान महाग पडणे. हा बोजा शेवटी तिकिटावर येतो, मग ते मुंबई–नागपूरचे असो वा मुंबई–बहरीनचे.

हे ओळखून संसदेने एप्रिल २०२५ मध्ये विमान वस्तूंमधील हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. १ मे २०२५ पासून तो अमलात आला. केपटाऊन करार भारतात सही केल्यावर सतरा वर्षांनी देशाचा कायदा बनला. अन्य कायद्याशी विसंगती आढळल्यास हा कायदा वरचढ ठरेल, असे त्यात निःसंदिग्धपणे लिहिले आहे. धनकोने कारवाईपूर्वी डीजीसीएला कळवावे आणि विमान कंपनीने आपल्या देण्यांची माहिती डीजीसीएकडे देत राहावे, अशीही तरतूद आहे. दुसरी तरतूद कमी गाजली, पण तिचा उपयोग मोठा होऊ शकतो. आजवर कंपनी किती बुडाली आहे हे नियामकाला बरेचदा तिने उड्डाणे थांबवल्यावरच कळत असे.

या सगळ्यात कर्मचारी कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि उत्तर फारसे सुखावह नाही. करारात सामील होताना भारताने काही येण्यांना मालकाच्या हक्कापेक्षाही अग्रक्रम राखून ठेवला : कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार, विमानाच्या वापरापोटीचे सरकारी कर व शुल्क, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या ताब्यात विमान असेल तर त्याचे बिल. विमान बाहेर नेण्यापूर्वी ही येणी फेडावीत, असे विमान नियमावलीही सांगते. मात्र पगार आणि करांसाठी एक अट आहे : कसूर जाहीर झाल्यानंतरची थकबाकीच यात धरली जाते. विमान कंपन्यांत पगार थकू लागतात ते त्याच्या कितीतरी महिने आधी. तो जुना पगार विमानातून वसूल होत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्याने अवसायकाकडे दावा दाखल करायचा आणि संहितेच्या कलम ५३ मधील क्रमानुसार वाट पाहायची. त्या क्रमात कामगारांचे २४ महिन्यांपर्यंतचे देणे तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येते, इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांपर्यंतचे त्यांच्यामागून. रद्द झालेल्या उड्डाणाचे तिकीट काढून बसलेला प्रवासी विनातारण धनको म्हणून आणखी खाली.